बाळासाठी घेतलेली गाडी

मडकं घेताना टिचकी मारून बघतात ना, तसे माझे सासरे गाडीचं दार आपटून बघत होते. उघडायचं, आपटायचं, कान द्यायचा. पुन्हा उघडायचं. कोल्हापूरच्या त्या शोरूममधला टायवाला सेल्समन प्रत्येक आपटीला डोळे मिटून घेत होता.

"ऐकलास आवाज, शिरीष?" अप्पा म्हणाले. "धप्प! याला म्हणतात गाडी. मघाशी ती पांढरी बघितली, ती डब्याचं झाकण लावल्यासारखी वाजत होती."

मघाची ती पांढरी मला आवडली होती. बुटकी, साधी. मला सातवा सरत आला होता, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. तरी मी तिचं दार उघडलं, टेकले, पाय आत घेतले, झालं काम. मागच्या सीटवर आडवंसुद्धा होता येत होतं. "वहिनी, ही आठवड्यात मिळेल," असं सेल्समन म्हणाला होता.

पण ती अप्पांच्या मनात भरली नाही. त्यांच्या मनात भरली ही. उंच, काळीभोर, जीपच्या घाटाची, दोन म्हशी शेजारी उभ्या केल्यासारखी.

"ही कधी मिळेल?" त्यांनी विचारलं.

"हिला वेटिंग आहे साहेब. पण दसऱ्याला नक्की देतो."

"दसऱ्याला!" अप्पांनी टाळी वाजवली. "बघा, देवाच्याच मनात आहे."

देवाच्या मनात काय असतं हे अप्पांना नेहमी आधी कळायचं.

मी म्हटलं, "अप्पा, डॉक्टर पालेकरबाईंनी काय सांगितलंय? बाळ पायाळू आहे. पाय खाली, डोकं वर. पहिली कळ आली की लगेच माझ्यापुढं आणा, घरी वाट बघत बसू नका, म्हणाल्यात. त्यासाठीच घेतोय ना गाडी? मग मला चढता येईल अशी घेऊ या."

"चढून तर बघ," शिरीष म्हणाला. शिरीष म्हणजे माझा नवरा. "न बघताच नाही म्हणू नये."

बघितलं. एक पाय उचलला तो पायरीपर्यंत पोचेना. दाराची दांडी धरली, जोर केला, आणि पोटात असा ताण बसला की मी तशीच मागं झाले. सेल्समन धावला. शिरीष हसला. आजही ते हसणं आठवलं की माझ्या डोक्यात सणक जाते.

"त्यात काय एवढं," अप्पा म्हणाले. "आपला पाट ठेवू खाली. पाटावर पाय दिला की चढलीच. सूनबाई, तुम्हाला काय जन्मभर का चढायचंय अशा अवस्थेत? दोन महिन्यांचा प्रश्न."

सासूबाई, म्हणजे माई, तोवर आत बसून पुढच्या फळीवर गणपती कुठं बसेल ते बघत होत्या. गणपतीची जागा ठरली. मग माणसांच्या जागा ठरल्या. पुढं अप्पा, चालवायला शिरीष, मधल्या सीटवर खिडकीशी माई, कारण त्यांना गाडी लागते. मधोमध माईंची पिशवी. आणि मी बाळाला घेऊन सगळ्यात मागं, त्या समोरासमोरच्या बाकड्यांवर. ज्याच्या नावानं गाडी घ्यायची त्याची जागा स्टेपनीशेजारी! पण तोंडानं चाललेलं काय? बाळासाठी घेतोय हो, बाळासाठी. सेल्समनला सांगितलं, पेढे घ्यायला थांबलो तिथं हलवायाला सांगितलं, घरी आल्यावर शेजारच्यांना बोलावून सांगितलं.

हे सोहोनी म्हणजे कऱ्हाडातलं जुनं घर. औषधांचा होलसेल धंदा. सगळ्या तालुक्याला गोळ्या पुरवणार, आणि घरात कुणाला ताप आला तर आधी पंचांग उघडणार. पायाळू हा शब्द ऐकून मी रात्रभर जागी होते, तर माई खूष. "पायाळूला जमिनीतलं धन दिसतं. आणि पायाळूची लाथ बसली की कंबरेची चमक जाते," म्हणाल्या. "माझी कंबर नातूच बरी करणार बघ." जन्माला येण्याआधीच पोराला कामाला लावलं होतं त्यांनी.

पहिलं बाळंतपण माहेरी. तेव्हा आठवा लागल्यावर आई मला न्यायला आली. आमचं पिंपळदरा कऱ्हाडपासून तासाभरावर, डोंगराच्या अंगाला. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. आई तिथल्या शाळेत शिकवायची, एकटी राहायची. कमी बोलणारी बाई. बोललीच तर समोरच्याला दिवसभर पुरायचं.

अप्पांनी तिला झोपाळ्यावर बसवलं आणि घसा खाकरला.

"विहीणबाई, एक सांगायचंय. डॉक्टरांनी तारीख दिलीय दिवाळीच्या आसपासची. पण पोराचा काय भरवसा, आलं आधी. आमच्याकडे नवरात्राचे घट असतात. दसऱ्याला गाडीची पूजा. मध्येच जन्म झाला तर दहा दिवस सोयर. देवाला हात लावता येत नाही."

"मग?" आई म्हणाली.

"मग काही नाही. शास्त्रात वाट आहे. सोयर लागतं ते कळल्यावर. कानावर आलं नाही तोवर लागत नाही. तेव्हा तशी वेळ आलीच, तर गाडीची पूजा होईपर्यंत आम्हाला जन्माची बातमी कळवू नका."

आईनं त्यांच्याकडे असं बघितलं, वर्गात एखाद्यानं पाचाचा पाढा चुकवावा तसं. "आणि कळा सुरू झाल्या तर? हिला आणायची कुणी?"

"छे, छे! कळांचं सोयर नसतं. कळ आली की फोन करा, गाडी दारात. अहो, त्यासाठीच तर घेतोय!"

"शब्द द्या," आई म्हणाली.

"दिला," अप्पा म्हणाले. शिरीषनंही मान हलवली. मी ती मान बघितली आणि माझा जीव भांड्यात पडला. बावळट होते, दुसरं काय!

नवरात्र बसलं. बाळ काही फिरलं नाही; डोकं बरगड्यांखाली तसंच, दगडासारखं लागायचं. शिरीषचा दिवसाआड फोन यायचा, पण माझी चौकशी एका वाक्यात आटपायची आणि मग गाडी. काळ्या रंगावर कसलं पॉलिश मारणार, नंबर कुठला मिळणार. अप्पांनी गुरुजींकडून पूजेची वेळ काढून आणली होती. दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक, अख्खा दिवस शुभ, कुठली वेळ बघायची नसते, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण सोहोनींनी त्यातूनही वेळ काढली. सकाळी साडेदहा.

"आणि पूजेआधी गाडीत घरातलं कुणी बसायचं नाही," शिरीष सांगत होता.

"मग कोल्हापुरातून ती येणार कशी?"

"शोरूमचा ड्रायव्हर आणून देणार. अप्पा म्हणाले, परक्याचं बसणं धरायचं नसतं."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी दाराला तोरण बांधायला स्टुलाशी उभी होते. आई म्हणाली, "तू नको चढूस." मी म्हटलं, चढत नाहीये, नुसती फुलं देतेय. आणि हात वर केला तोच कमरेतून कळ निघाली ती थेट मांड्यांपर्यंत. झेंडूची फुलं खाली सांडली. मी भिंत धरली. ती जाते न जाते तोच दुसरी.

"आई, हे तेच आहे," मी म्हटलं.

आमच्या घरी नुकताच फोन बसवला होता. मीच लावला. माईंनी उचलला.

"माई, मी वृषाली. मला—"

"अगं बाई!" माई किंचाळल्या. "काही बोलू नकोस! एक अक्षर नको! पूजा व्हायचीय अजून."

"माई, झालेलं नाही, व्हायचंय. कळा येतायत. गाडी पाठवा—"

"नको गं सांगूस! कानावर पडलं तर सगळं मुसळ केरात. संध्याकाळी सांग, हं? संध्याकाळी." आणि ठेवला.

पुन्हा लावला. एंगेज. पुन्हा. एंगेज. रिसीव्हर काढून बाजूला ठेवला होता त्यांनी. नंतर कळलं, त्यावर रुमालही घातला होता. आतून बातमी वर यायला नको ना!

दुकानाचा नंबर लावला, तर दसऱ्याचं दुकान बंद. मी आईकडे बघितलं. "त्यांनी शब्द दिला होता," मी म्हटलं. मला रडूच फुटलं.

"रडून पाय फिरणार आहेत का बाळाचे? चप्पल घाल," आई म्हणाली आणि स्वतः अनवाणीच बाहेर पळाली. मी भिंती धरत मागून गेले.

आमच्या गावच्या स्टँडवर वडापच्या जीपगाड्या असायच्या. माणसं कोंबायची आणि कऱ्हाडला सोडायची, एरवी हाका मारमारून जीव खायचे. त्या दिवशी सगळ्या जीपगाड्या धुऊन पुसून रांगेत. बॉनेटवर केळीचे खुंट, चाकाखाली लिंबं, आणि मालक लोक नवे कपडे घालून बाजूला उभे.

"बाई, पूजा न्हाई झाली अजून," एक म्हणाला. "भटजी वरच्या आळीला गेल्यात. नारळ फुटल्याबिगर चाक फिरवत न्हाई आपण."

"अरे, पोरगी अडलीय माझी!"

"व्हय बाई, पण गाडीला कायबाय झालं तर? वरीसभर भोगायला लागतंय."

आई सांगायची, तिनं त्या सगळ्यांना अ आ ई शिकवलं होतं. सगळं वाया गेलं म्हणायची.

एस.टी. दुपारची. तेवढ्यात डेअरीचा दुधाचा टेम्पो कॅन भरून निघाला होता. आई सरळ त्याच्या पुढ्यात उभी राहिली. चालवणारा जोतिराम. हा काही देवमाणूस वगैरे नव्हे हो; गावात एक नंबरचा कटकट्या.

"बाई, सरका! दूध नासलं तर चेअरमन माझ्या नावानं बोंब मारतोय."

"त्याला सांग, मास्तरीण आडवी आली. मुलीला घे. कऱ्हाडात पालेकरबाईंच्या दवाखान्यात सोड."

"आन् टेम्पूत काय झालं तर? मी नवीन गादी घातलीया!"

"पूजा झालीय का तुझ्या टेम्पोची?"

"मग? पहाटंच उरकली. दुधाला कुठला आलाय मुहूर्त!"

"मग चल," आई म्हणाली.

तो तोंडातल्या तोंडात शिव्या घालत होता, पण दार उघडलं. टेम्पोची पायरी मांडीइतकी उंच. आईनं खालून लोटलं, जोतिरामनं वरून दंडाला धरून ओढलं, पोत्यासारखं. मी चढले. शोरूममध्ये जी चढू शकले नव्हते ती मी, त्या टेम्पोत चढले. गरज पडली की बाई कशावरही चढते, हे खरं. पण म्हणून तिला चढायला लावावं का?

रस्ता म्हणजे नुसते खड्डे. मागं कॅन आदळतायत, पुढं मी. दर कळेला मी आईचा हात असा आवळायचे की तिच्या बांगड्या रुतायच्या. अर्ध्या वाटेत पाणी गेलं. गादी भिजली. जोतिराम "आयला" म्हणाला आणि त्यानंतर एक शब्द बोलला नाही, नुसता ॲक्सिलेटर दाबत राहिला.

"आई, काहीतरी खाली आलंय," मी म्हटलं. "पाय आहे का गं? पाय आहे का?"

"बघू नकोस. श्वास घे," आई म्हणाली.

कऱ्हाडात शिरलो. मारुतीच्या देवळापुढचा चौक ओलांडला की दवाखाना. आणि चौकात रस्ता बंद.

आडवी उभी होती. काळीभोर. झेंडूच्या माळांनी मढवलेली, काचेवर कुंकवाचं हे एवढं स्वस्तिक. गल्ली अरुंद म्हणून अप्पांनी पूजा चौकात मांडली होती. खरं म्हणजे गल्लीत बघायला माणसं किती येणार! जी गाडी मला न्यायला यायची, ती माझ्याच वाटेत आडवी घातलेली होती.

जोतिरामनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. अप्पांनी आमच्याकडे न बघता नुसता पंजा वर केला. थांबा. सोवळं नेसलेले, कपाळाला गंध, वरात अडवल्यासारखा त्रासलेला चेहरा. गुरुजी मंत्र म्हणत होते. शिरीषच्या हातात नारळ.

आई टेम्पोतून उतरली. तशीच अनवाणी, साडी दुधानं आणि माझ्या पाण्यानं भिजलेली. माईंनी तिला बघितलं मात्र, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि पाठ फिरवली.

"विहीणबाई!" अप्पा ओरडले. "एक शब्द बोलू नका! दोन मिनिटं राहिलीत!"

"शब्द कुणाला बोलायचाय? गाडी काढा," आई म्हणाली.

शिरीषनं वर बघितलं. टेम्पोची काच खाली होती. त्याच्यात आणि माझ्यात एक बैलगाडी मावेल एवढंच अंतर. केस तोंडावर आलेले, ओठ चावून फुटलेले, मी त्याला दिसले. मी हाक मारली, "शिरीष!" तीही त्यानं ऐकली, कारण त्याचा हात खाली आला.

"शिरीष," अप्पा म्हणाले, "नारळ."

त्यानं माझ्याकडे बघितलं. अप्पांकडे बघितलं. मग तो खाली वाकला आणि नारळ आपटला. पहिल्यांदा फुटला नाही. त्यानं तो पुन्हा नीट धरला, शेंडी वर करून, आणि पुन्हा आपटला. फुटल्यावर पाणी गाडीच्या चाकावर शिंपडलं. सगळं यथासांग केलं हो. काही राहिलं नाही.

मग गाडी लिंबांवरून पुढं घेतली. वाट झाली. आमचा टेम्पो बाजूनं जाताना त्यानं मला हात केला, पंजा हलवून, आपण करतो ना, पुढं व्हा, मी आलोच, तसा.

दवाखान्यात पालेकरबाईंनी मला बघितलं आणि ओरडल्या, "टेबलवर घ्या! इतका वेळ काय करत होता?" भुलीची तयारी करता करता विचारलं, "मिस्टर कुठायत? सही लागेल."

"नारळ फोडतायत," आई म्हणाली. "आणा, मी करते."

मला जाग आली तेव्हा पोट शिवलेलं होतं आणि शेजारचा पाळणा रिकामा. मी पाळण्याकडे बोट केलं. आई पुढं झाली. "आहे. पेटीत ठेवलंय. आधी रडलं नाही, बाईंनी पाठीत चापट्या मारून रडवलं. निळं पडलं होतं. आता गुलाबी आहे." मग म्हणाली, "बाई म्हणाल्या, आणखी एक आरती झाली असती, तर हाती लागलं नसतं."

मी तेव्हा नाही रडले. गंमत बघा, सकाळी फोन ठेवल्यावर रडले होते. आता डोळे कोरडे ठक्क.

शिरीष म्हणाला होता, आलोच. पूजेनंतर गाडी देवीला दाखवायला नेली. मग जेवणं. मग सोनं लुटायला. घट हलेपर्यंत, आपटा वाटेपर्यंत ते तिघं दवाखान्याच्या गल्लीत फिरकले नाहीत. दिवेलागणीला आले. जिन्यातच पेढ्यांचा वास आला मला.

शिरीषनं आपट्याचं पान पुढं केलं. "सोनं घे." मी घेतलं नाही. त्यानं ते उशाशी ठेवलं.

माई दाराशीच थांबल्या, हात जोडून, चेहऱ्यावर इतकं हसू. "झालं बाई एकदाचं सगळं निर्विघ्न! हं, आता सांग. आता ऐकायला मोकळे आम्ही. काय झालं? मुलगा का मुलगी?"

खोलीत बघितलं मी तिघांकडे. खरंच वाट बघत होते. म्हणजे सकाळी चौकात काही घडलंच नव्हतं. त्यांच्या कानावर आलं नव्हतं ना!

"काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही म्हणजे?"

"तुमच्याकडे काही झालेलं नाही. अप्पा, कळेपर्यंत सोयर लागत नाही ना? मग मी कळवत नाही. आज नाही, उद्याही नाही. तुमचे देव पारोसे राहायला नकोत."

"हा काय पोरकटपणा!" अप्पा म्हणाले. "अगं, आम्ही कुणासाठी केलं हे सगळं?"

"बाळासाठी," मी म्हटलं. "ठाऊक आहे मला."

शिरीष पलंगाशी आला. आवाज खाली आणला. "वृषाली, असं काय करतेस? मी बाप आहे."

"कुणाचा?"

त्यानं रिकाम्या पाळण्यात डोकावून बघितलं.

"सांग ना, कुणाचा? मुलाचा का मुलीचा?"

त्याला सांगता येईना. माईंकडे बघितलं. माई अप्पांकडे बघत होत्या. मी कूस वळवता येत नव्हती म्हणून नुसते डोळे मिटून घेतले.

नर्सकडून कळलंच असेल त्यांना, जाताना. मुलगी, हे ऐकून माईंचं पेढ्यांचं पुडकं परत गेलं. पण सोयर मात्र त्या संध्याकाळपासून दहा दिवस कडक पाळलं म्हणे. पाळणार नाहीत होय! तेवढंच तर येतं त्यांना.

पुढचं सांगत नाही, कोर्टात होतं तसंच होतं, लांबट आणि कंटाळवाणं. अप्पा दोन वर्षांनी गेले. माईंची कंबर पार वाकली असं कुणीतरी सांगितलं. पायाळूची लाथ लागली नाही त्यांना. की लागली, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. लेक माझी आता इंजिनिअर आहे पुण्यात. परवा फोन आला, आई, मला सातवा लागला, गाडी बघायला जायचंय, तू ये. गेले. जावई माझा मागच्या सीटवर आडवा होऊन बघत होता, तिला पाय लांब करता येतात का ते. लोक बघत होते. मी म्हटलं, बघू देत.

पण मला सांगायचंय ते दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवसाचं.

आईनं रिक्षा सांगितली होती. आम्ही जिना उतरलो, ती बाळाला घेऊन, मी टाके धरून. खाली दारातच ती काळी गाडी. माळा वाळून लोंबत होत्या. काढायच्या नसतात म्हणे, आपोआप गळू द्यायच्या. शिरीष एकटाच आला होता. मागचं दार उघडून ठेवलेलं, आणि त्याच्याखाली, रस्त्यावर, पाट. घरातला, पितळी फुल्यांचा, लग्नात ज्यावर मला बसवलं होतं तो. पुसून आणला होता.

"ये," तो म्हणाला. "हळूच पाय ठेव. मी धरतो."

त्याचे डोळे लाल होते. खोटं कशाला बोलू, तो रडला असणार. बाळाच्या दुपट्याकडे बघत होता. हात मात्र गाडीच्या दारावरून काढला नव्हता.

मागं रिक्षा लागली. बुटकी, फाटक्या सीटची. मी पाटाला वळसा घालून गेले, टेकले, पाय आत घेतले. आईनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि शेजारी बसली. रिक्षावाल्यानं हँडल ओढलं.

"अगं, थांब तरी!" शिरीष मागून ओरडला. "वृषाली! पाट आणलाय मी!"

आईनं रिक्षातून डोकं बाहेर काढलं.

"मग बसा त्यावर," ती म्हणाली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला हो."